जाताना वाजते, येताना नाही

आषाढातली गोष्ट आहे. दोन दिवस पाऊस उघडला होता, पण पश्चिमेचा वारा असा की नाशिकच्या अंबड लिंक रोडवरच्या आमच्या दुकानाचं शटर नुसतं थडथडत होतं. सकाळी साडेदहाला दिंडोरीकडची एक इलेक्ट्रिक गाडी दारात येऊन थांबली. तात्या आणि मावशी. तात्या द्राक्षवाले, साठी ओलांडलेले.

"मिस्तरी, गाडी घोंघावते," तात्या म्हणाले. "ओझरला विमान चढतं ना, तशी. मागून."

"घोंघावत नाही," मावशी मागून म्हणाल्या. "शिट्टी वाजते. माझ्या कानाशी."

"ही वर्षभर हेच सांगते. शिट्टी-बिट्टी काही नाही."

"मुंबईला जाताना वाजते. येताना नाही वाजत."

तात्यांनी माझ्याकडे पाहून हात उडवला. "आता सांगा, गाडी तीच, रस्ता तोच. जाताना वाजते अन् येताना नाही, असं असतं का कुठं?"

असतं. पण मी तेव्हा बोललो नाही, कारण तात्यांनी लगेच बिलाचा कागद काढला. शहरातल्याच एका दुकानात त्यांनी ३८ हजार घालून चारही दारं, छत आणि डिकी 'साउंडप्रूफ' करून घेतली होती. घोंघाट तसाच, शिट्टीही तशीच.

मी मूळचा कुशनवाला. सीट कव्हरं शिवता शिवता डॅम्पिंगच्या, म्हणजे गाडीतला आवाज दाबायच्या कामात आलो. पेट्रोल-डिझेल गाड्यांत हे काम सोपं होतं, कारण निम्मा आवाज इंजिन खाऊन टाकायचं. खाऊन म्हणजे झाकून. इंजिनाच्या घरघरीखाली टायर, वारा, सैल क्लिपा, सीटबेल्टचं बक्कल, सगळं दबून जायचं. इलेक्ट्रिक गाडीत ती घरघर नाही, त्यामुळे जे आधीही होतं ते उघडं पडतं. गिऱ्हाईक म्हणतं, नवी गाडी आवाज करते. खरं म्हणजे गाडी गप्प झाली म्हणून बाकीचे बोलायला लागले.

आणि डॅम्पिंग शीट म्हणजे काय, हेही एकदा सांगतो, कारण अर्धी फसवणूक तिथेच होते. ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची शीट पत्र्याला चिकटवली की पत्र्याची थरथर मरते. दारावर टिचकी मारा, आधी 'टण्' वाजतं, नंतर 'ठप्'. बस, तिचं काम एवढंच. त्यासाठी सगळा पत्रा मढवायचीही गरज नसते, मधला तिसरा हिस्सा झाकला तरी बराचसा फायदा मिळतो. पण फटीतून येणारा वारा शीट अडवत नाही. फट फटच राहते. ३८ हजारांची शीट लावा नाहीतर सोन्याचा पत्रा लावा.

आधी चालवून ऐकू म्हटलं. गाडी तात्यांनी घेतली, मावशी शेजारी, मागे मी आणि आमचा पोऱ्या. पाथर्डी फाट्यावरून महामार्गाला लागलो आणि विल्होळी मागे पडेपर्यंत मला फक्त तात्यांचाच आवाज ऐकू येत होता. म्हणजे घोंघाट. मागून, खालून, जड. वेग कमी केला की सूर उतरायचा. डांबर गुळगुळीत असलं की कमी, खडबडीत पट्टा आला की जास्त. टायरची ही खूण आहे. चाकाचं बेअरिंग असतं तर रस्ता बदलून फरक पडला नसता, आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवल्यावर वजन एका बाजूला पडून आवाज चढला-उतरला असता. तसं काही झालं नाही. मनात म्हटलं, टायर बघू, संपलं काम.

वाडिवऱ्हेच्या अलीकडे मावशींनी बोट वर केलं. "हे बघा. लागली."

मी कान दिला. काही नाही. तात्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, म्हटलं नव्हतं का, अशा नजरेनं.

"आहे ना शेठ," पोऱ्या म्हणाला. "बारीक आहे. डाव्या पुढच्या दारातून."

खरं सांगतो, त्या क्षणी मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मोबाइलवर एक ॲप ठेवलेलं असतं, आवाजात कुठला सूर किती उंच आहे ते आलेखात दाखवणारं. फोन मावशींच्या खिडकीपाशी धरला. खालच्या सुरांचा मोठा ढिगारा, तो टायरचा, तात्यांचा. आणि उजवीकडे, ४,००० हर्ट्झच्या जरा पुढे, एकच सुळका. सुईसारखा. मावशींनी बोट खाली केलं की सुळका बसायचा, वर केलं की उठायचा. तीन-चार वेळा मी बघत राहिलो. बाईंचं बोट आणि आलेख एकाच वेळी हलत होते.

मुंढेगावच्या पुढे गाडी वळवली आणि नाशिकच्या दिशेनं त्याच ८०च्या वेगानं निघालो. शिट्टी बंद. पोऱ्यालाही नाही, आलेखातही नाही.

आता हे कोडं नव्हतं. आषाढात वारा पश्चिमेचा. घोटीकडे, म्हणजे मुंबईच्या दिशेनं जाताना तो समोरून येतो. गाडी ८०नं चालली आणि वारा २०नं समोर आला, तर गाडीच्या अंगाला हवा १००नं घासते. परतताना तोच वारा पाठीशी, म्हणजे हवा ६०चीच. आणि वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर सरळ वाढत नाही, उडी मारून वाढतो. ८०चा १०० झाला की साधारण पाच-सहा डेसिबल चढतात. शिट्टीला तर एका ठरावीक वेगाच्या खाली तोंडच फुटत नाही, बासरीत हळू फुंकलं तर वाजते का? मावशी वर्षभर जे सांगत होत्या ते हवामान खात्याला मान्य व्हावं इतकं चोख होतं.

मी हे तात्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. स्टिअरिंगवरचा हात फक्त जरा घट्ट झाला.

दुकानात आल्यावर मास्किंग टेप काढली. फट शोधायला याहून चांगलं हत्यार मला अजून मिळालेलं नाही. डाव्या पुढच्या दाराची चारी बाजूंची फट, काचेच्या कडा, कोपऱ्यातली तिकोनी काच, आरशाचं बूड, सगळं टेपनं बंद केलं. पावसाळ्यात टेप धरत नाही, म्हणून आधी स्पिरिटनं पुसून घेतलं. आणि मावशींना खिडकीतून आत बसवता येत नाही, म्हणून त्यांना उजव्या दारानं ड्रायव्हरच्या सीटवरून सरकत जावं लागलं. "माहेरी जाताना एसटीत असं चढायचो," म्हणाल्या.

पुन्हा वाडिवऱ्हे. शिट्टी गायब. मग प्रत्येक थांब्याला एकेक पट्टी काढायची, पुढे एक-दोन किलोमीटर, मावशी डोळे मिटून बसलेल्या, बोट मांडीवर तयार. दाराची वरची पट्टी काढली, काही नाही. मागची, काही नाही. तिकोनी काच, काही नाही. आरशाच्या बुडाची पट्टी काढली आणि गाडी ७५ला पोचायच्या आत बोट वर.

रस्त्याच्या कडेला थांबून मी बुडाखाली नख घातलं. आरसा दाराला जिथे बसतो तिथे कंपनीची रबराची गादी असते. पुढच्या कडेला ती नव्हतीच. एटीएम कार्ड शिरेल एवढी फट, तीन बोटं लांब.

"हा आरसा कधी बदलला होता का?"

तात्या थोडा वेळ आठवत राहिले. मावशींना आठवायला लागलं नाही. "मागच्या पावसाळ्यात. पिंपळगावला मार्केटात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं घासला. ह्यांनी तिथंच रस्त्यावर बसवून घेतला. तेव्हापासून वाजते, मी तेव्हाच सांगितलं होतं."

दुकानात येऊन दाराचं पॅड उतरवलं, आरशाचे नट आतून असतात म्हणून. पहिल्या दोन क्लिपा सुटल्या आणि खालच्या कडेतून पाणी आलं. थेंब नव्हे, धार. पोऱ्यानं पाय मागे घेतला. जमिनीवर लिटरभर तरी पसरलं, गढूळ, त्यात एक गांडूळही. तात्या खुर्चीवरून उठले.

दाराच्या आत पाणी जातंच. काच वर-खाली होते तिथून पावसाचं पाणी उतरतं, ते नैसर्गिक आहे, म्हणून तर दाराच्या बुडाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. आधीच्या कारागिराने डांबरी शीट अशी जोमानं चिकटवली होती की भोकंही मढवून टाकली. वर आतला प्लॅस्टिकचा कागद फाडून तसाच लोंबत ठेवलेला. काचेच्या मोटारीचा कनेक्टर हिरवा पडलेला. अजून एक पावसाळा गेला असता तर दार खालून कुजलं असतं. त्या शीटला उन्हाळ्यात डांबराचा वासही यायचा, हे मावशींनी तेव्हा सांगितलं. सांगण्यासारखं त्यांच्याकडे बरंच होतं, विचारलं कुणी नव्हतं. त्या दुकानात गाडी दाखवायला तात्या एकटेच गेले होते.

चारही दारांची भोकं मोकळी केली. बाकीच्या तिन्ही दारांतून पाणी थोडंथोडंच निघालं. आरशाखाली ईपीडीएम रबराची पट्टी कापून बसवली. कंपनीची गादी मागवली तर आठ-दहा दिवस लागतात, तोवर ही चालते. नवा प्लॅस्टिकचा कागद लावला.

मग तात्यांचा घोंघाट. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर हवा ३६ लिहिलेली. टायरांत ४६.

"भाचा म्हणाला, हवा जास्त ठेवली की रेंज वाढते."

भाच्याचं सगळंच चूक नाही, टाइट टायर हलका पळतो. पण तो ढोलासारखा ताणलेला असतो, रस्त्याची प्रत्येक खडी वर कळवतो आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी होते. त्यात मागच्या टायरांवर तळहात फिरवला. पुढून मागे मऊ, मागून पुढे करवत. नक्षीचे ठोकळे तिरके झिजले होते, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडल्याची खूण. असा टायर प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटत चालतो, त्याचाच तो विमानाचा सूर. बॅटरीमुळे या गाड्या जड असतात, पाय दिला की जोर एकदम येतो, त्यामुळे त्यांचे टायर लवकर झिजतात. अलाइनमेंटला शेजारी पाठवलं, हवा ३६ केली, मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे.

तात्यांचं अजून एक मागणं होतं, खालून, गाडीच्या पोटाला जाड कोटिंग. त्याला मी नाही म्हटलं. पोटात बॅटरी आहे, जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबली आहेत, आणि नारिंगी दिसलं की आपला हात मागे, हा आमच्या दुकानाचा नियम आहे. शिवाय बॅटरीचा तो जाड खोका स्वतःच खालचा बराच आवाज अडवतो. आवाज येतो तो मागच्या चाकांच्या कमानींतून, तिथे दोन शीट लावल्या. आधीच्या कारागिराने सगळीकडे लावल्या होत्या, फक्त तिथेच नव्हत्या.

चार वाजता शेवटची फेरी. विल्होळीच्या त्याच पट्ट्यात, त्याच ८०ला, फोनवरचा आकडा सकाळी ७१ होता तो आता ६७. फोनचा आकडा खरा मोजमापाचा नसतो, पण आधीचा आणि नंतरचा फरक बरा सांगतो. चार डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्म्याहून कमी, तरी कानाला मात्र थोडंसंच कमी झाल्यासारखं वाटतं. घोंघाट होता, पण आता मागून नाही, पुढून, आणि पातळ. झिजलेले टायर बदलेपर्यंत तो राहणार, तसं तात्यांना सांगितलं.

वाडिवऱ्हे गेलं, गोंदे गेलं. मावशींचं बोट मांडीवरच. मग 'टिक टिक' ऐकू यायला लागलं, चौघांनाही. तात्यांच्या दाराच्या खिशात छाटणीची कात्री निघाली. किती महिने तिथे होती कोण जाणे.

परत येताना तात्यांनी हळूच विचारलं, "मला खरंच ऐकू येत नव्हती का ती?"

फोनवर सूर वाजवता येतात. सुरुवात १,००० पासून केली. १,०००ला तात्या मान हलवत होते, २,०००लाही. ३,०००ला जरा थांबून. ४,०००ला ते माझ्या बोटाकडे बघत होते, बटण दाबलं की नाही ते ओळखायला. पंचवीस वर्षं ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर, कानाला कधी काही लावलं नाही. अशा गोंगाटानं कान जातो तो आधी तिथेच, ४,०००च्या आसपास, आणि बोलणं ऐकू येत राहतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे एकदा तपासून घ्या, एवढंच मी म्हटलं.

मावशी हसतील असं वाटलं होतं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

बिलावर मात्र तात्या मूळ पदावर आले. "एवढ्याशा रबराचे इतके?"

"रबराचे दीडशे, तात्या. शीटचे तिथे लिहिलेत. बाकीचे शोधायचे."

"शोधलं तर हिनं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाचशे कमी केले. पैसे मावशींनी आपल्या पाकिटातून दिले.

रात्री शटर ओढायच्या आधी पोऱ्याला म्हटलं, तो सूर वाजव जरा, वर वर नेत. चाळीस वर्षं ग्राइंडर आणि कटरच्या शेजारी काढलीत मीही. ६,०००, ७,०००. ८,०००ला अगदी बारीक, डाव्या कानात. मग बंद झाला.

"थांबवलास का?"

"नाही शेठ," पोऱ्या म्हणाला. "वाजतंय ना."