झेपेलिनचा चाहता आणि डिस्कोचा ठेका

मी मूळची वाईची. बर्मिंगहॅममध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे रुग्ण बरेच असतात. त्यांच्यापैकी सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांबरोबरचा एक दिवस माझ्या कामाकडे बघण्याची दृष्टीच पालटून गेला, म्हणून तो लिहून ठेवते आहे.

या गृहस्थांची उमेदीची वर्षे लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यात गेली होती. हाताला कंप फारसा नव्हता. पण चालता चालता, विशेषतः दाराच्या चौकटीशी आले की, त्यांची पावले जमिनीला खिळल्यासारखी थांबत. शरीराचा वरचा भाग मात्र पुढे झुकत राही आणि तोल जाई. कंपवातात मेंदूच्या खोल भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात आणि एकामागून एक पाऊल आपोआप टाकण्याची आतली लय विस्कटते. पायांत बळ असते, सांधेही ठीक असतात. नसतो तो ‘आता’ असे सांगणारा इशारा. तो इशारा बाहेरून, कानावाटे दिला, तर मेंदू दुसऱ्या मार्गाने पावलांची जुळणी करू शकतो. अमेरिकेत मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ठेक्यावर चालण्याच्या तीन आठवड्यांच्या सरावानंतर अशा रुग्णांचा चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास वाढलेला आढळला होता.

पद्धत साधी आहे. रुग्ण स्वतःच्या गतीने मिनिटाला किती पावले टाकतो ते मोजायचे आणि त्याहून पाच ते दहा टक्के जलद ठेका निवडायचा. यांची पावले ९६ भरली, म्हणजे मला १०१ ते १०५च्या दरम्यानचे गाणे हवे होते. नुसता मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने टकटक करणारे यंत्रही चालते, पण त्या टकटकीला माणसे घरी दोन दिवसांत कंटाळतात. म्हणून गाणे मी शक्यतो रुग्णालाच निवडू देते.

त्यांनी एका क्षणात लेड झेपेलिन या रॉक गटाचे ‘स्टेअरवे टू हेवन’ सांगितले आणि डिस्को लावणार असाल तर मी घरी जातो, असेही बजावले. त्यांच्या बोलण्यात अभिमान होता, आणि तो रास्त होता. झेपेलिनचे गायक रॉबर्ट प्लँट आणि ड्रमवादक जॉन बॉनम दोघेही याच मुलखातले आणि ब्लॅक सॅबथ हा रॉक गट तर खुद्द बर्मिंगहॅमचा. डिस्कोचा राग त्या पिढीत किती खोल होता, हे मला वाचून ठाऊक होते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवण्यात आला. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. डिस्कोवरचा नेहमीचा आक्षेप असा की, ते यंत्रासारखे एकाच ठेक्यात चालते, त्यात माणूस नाही. आमच्या गृहस्थांचेही म्हणणे तेच होते.

मी त्यांच्या कमरेचा आधारपट्टा धरला आणि १९७१चे ते गाणे लावले. आरंभी एकट्या गिटारचे सूर, मग बासरीसारखी वाद्ये. ड्रम येतात ते चार मिनिटे उलटून गेल्यावर. तोवर पाऊल टेकवायला ठोकाच नव्हता आणि ते जागच्या जागी घुटमळत राहिले. ड्रम आल्यावर ते चालू लागले खरे, पण या गाण्याची गती पुढे वाढत जाते. झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेजने ती जाणूनबुजून तशी बांधली आहे. ऐकणाऱ्याला जिथे अंगावर काटा येतो तिथेच त्यांची पावले आखूड आणि घाईची होऊ लागली. कंपवातात पडण्याची सुरुवात अशीच होते, म्हणून मी गाणे थांबवले.

मग त्यांनी क्वीनचे ‘वी विल रॉक यू’ सुचवले. त्या गटाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, तेव्हाचा फारूक बलसारा, आमच्या वाईच्या वर घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या पाचगणीत सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला आणि ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत होता, हे मी सांगितले तेव्हा ते थकवा विसरून मला प्रश्न विचारू लागले. गाण्याने मात्र साथ दिली नाही. त्याची गती मिनिटाला सुमारे ८१ ठोक्यांची आहे. शिवाय दोनदा पाय आपटणे आणि एक टाळी झाल्यावर चौथी मात्रा रिकामी जाते. त्या रिकाम्या जागेवर त्यांचे पाऊल नेमके अडून राही.

तेव्हा मी त्यांची परवानगी मागून बी जीज या गटाचे ‘स्टेइंग अलाइव्ह’ हे डिस्को गाणे लावले, आणि लावण्याआधी त्यातल्या ड्रमची हकिकत सांगितली. १९७७ साली फ्रान्समधील शातो देरुव्हिल या स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना ड्रमवादक डेनिस ब्रायन यांना घरच्या आजारपणामुळे परत जावे लागले. मागे राहिलेल्यांनी ‘नाइट फीव्हर’ या गाण्यात त्यांनीच वाजवलेल्या ड्रमचा लहानसा तुकडा टेपवर घेतला, त्याची टोके जोडून वेटोळे केले आणि तेच फिरवत ठेवून त्यावर सगळे गाणे उभे केले. तबकडीवर ड्रमवादक म्हणून बर्नार्ड ल्यूप असे काल्पनिक नाव छापले गेले. गाण्याची गती मिनिटाला सुमारे १०३ ठोके आहे आणि तोच तुकडा फिरत असल्यामुळे ती शेवटपर्यंत हलत नाही. आयुष्यभर यंत्रांपाशी उभ्या राहिलेल्या त्या माणसाला ही टेपची जोडणी मनापासून आवडली. टेप सैल पडू नये म्हणून ताण कशाने दिला असेल, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

गाणे सुरू झाले, मी दोन आवर्तने त्यांना जागेवरच वजन या पायावरून त्या पायावर घ्यायला लावले, आणि ते निघाले. खोलीच्या दारापाशी मी सवयीने पट्टा घट्ट धरला. ते न थांबता चौकटीतून पलीकडे गेले, कॉरिडॉरच्या टोकाला वळले आणि परत आले. गाण्याआधी दहा मीटरला त्यांना १४ सेकंद लागले होते, आता ११ लागले. वेगापेक्षाही मला समाधान दिले ते पावलांच्या लांबीने, कारण टाच आधी टेकत होती आणि हातही हलू लागले होते. खुर्चीत बसलेल्या त्यांच्या पत्नींच्या डोळ्यांत पाणी आले. हेच गाणे ऐकायला लागू नये म्हणून हे त्या काळी नाचाच्या हॉलबाहेर उभे राहत, असे त्यांनी मला सांगितले.

माझे तेव्हापासून ठाम मत आहे की, डिस्कोच्या ज्या एकसुरीपणाला लोकांनी नावे ठेवली त्यातच त्याचे सामर्थ्य आहे. निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावले चालतो आणि डिस्कोची असंख्य गाणी याच टप्प्यात किंवा जरा वर येतात. दर मात्रेला बास ड्रमचा सारखाच ठोका पडतो, त्यामुळे पुढचे पाऊल कधी टाकायचे याची शंका मनात राहत नाही. रॉकची गाणी माझ्या दृष्टीने कमी नाहीत. ती ऐकणाऱ्याला पुढे काय होईल याची वाट बघायला लावतात, आणि ज्याचे शरीर वाटच बघत अडकते त्याला तेच नको असते.

घरच्या सरावासाठी मी त्यांना ‘स्टेइंग अलाइव्ह’ आणि आबा या स्वीडिश गटाचे जवळपास त्याच गतीचे ‘डान्सिंग क्वीन’ लिहून दिले. औषधाचा अंमल असतानाच चालायचे, पत्नी सोबत हवी, आणि रस्त्यावर कानांत हेडफोन घालायचे नाहीत, असेही लिहिले. त्यांनी कागद वाचून झेपेलिनला जागा द्यायला सांगितले. खुर्चीत बसून पाठ आणि खांदे ताणण्याचा व्यायाम संथच करायचा असतो; त्यापुढे मी ‘स्टेअरवे’ची ड्रम येण्यापूर्वीची चार मिनिटे लिहिली आणि त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.