तुम्ही विचारलंत म्हणून : ट्रक गेले, तरी लेकरं का मरायलीत?

गाझाची बातमी आली की कुणीतरी विचारतंच, 'मदतीचे ट्रक सोडलेत ना आता? मग लेकरं अजून का मरायलीत?' आणि वर, 'बहात्तरच्या दुष्काळात आपण सुकडी अन् मिलो ज्वारी खाऊन निघालोच की!'

निघालो. पण बहात्तरला रस्ते उघडे होते. दुष्काळी कामावर खडी फोडली की मजुरी हातात पडायची, नाहीच जमलं तर गाव सोडता यायचं. वेढ्यात गाव सोडता येत नाही. गाझात २ मार्च २०२५ पासून ११ आठवडे धान्य, औषध, इंधन काहीच आत गेलं नाही. १९ मेनंतर थोडंथोडं सुटलं. तरीही २२ ऑगस्टला आयपीसी या अन्नसुरक्षा मोजणाऱ्या यंत्रणेला गाझा शहराच्या भागात दुष्काळ जाहीर करावा लागला. ट्रक सुटल्यावर तीन महिन्यांनी.

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की ते नुसतं भुकेलं नसतं, आजारी असतं. आतड्याचं अस्तर झिजलेलं, यकृत मंद, पेशींमधलं पोटॅशियम घटलेलं. अशाला दया येऊन पोटभर वरणभात घातला, तर इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, हृदय कोलमडतं. लेकरू भरल्या पोटी जातं. दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांचंही असंच झालं होतं.

ज्याला भूक लागते, ज्याला सूज किंवा दुसरा आजार नाही, ते घरीच शेंगदाण्याच्या तयार पेस्टवर सुधारतं. ९२ ग्रॅमची पुडी, ५०० कॅलरी; शिजवायचं नाही, पाणी मिसळायचं नाही. न खाणाऱ्याला मात्र दाखलच करावं लागतं. आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत त्याचं सुरुवातीचं पातळ दूध असं होतं : गाईचं दूध ३० मिली, साखर ९ ग्रॅम, तेल २ ग्रॅम, आणि उकळून गार केलेलं पाणी घालून एकूण १०० मिली. त्यातून ७५ कॅलरी. पाच किलोच्या लेकराला दर दोन तासांनी ५५ मिली, अंगावर फार सूज असेल तर त्याहून कमी. रात्री बारा, दोन, चारलाही उठवून. रात्रीच्या वेळा चुकल्या की पहाटेपर्यंत रक्तातली साखर ५४ च्या खाली आणि अंग गार. काखेतलं तापमान ३५ अंशांच्या खाली दिसलं की आईच्या उघड्या छातीला लावून वरून गोधडी. सुरुवातीला लोह द्यायचं नाही. जुलाब असले तरी शॉक (रक्ताभिसरण कोलमडणं) नसेल तर सलाईन नाही, कारण थकलेल्या हृदयाला ते पाणी झेपत नाही. सगळ्यात अवघड गोष्ट औषधाची नाही, घड्याळाची आहे.

आता हेच वेढ्यात करून बघा. डिझेल नाही म्हणून पंप बंद, खारं पाणी गोडं करणारी यंत्रं बंद. दूध पावडर आली तर उकळायला गॅस नाही. गढूळ पाण्यात कालवली की जुलाब, आणि कमावलेलं वजन दोन दिवसांत खाली. दवाखाना रिकामा करायचा हुकूम आला की दोन तासांचा हिशोब मोडला. ट्रक मोजणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. ट्रकात बहुतेक पीठ असतं, आणि पीठ हे दहा महिन्यांच्या सॅम (अतितीव्र कुपोषित) लेकराचं औषध नव्हे. सुदानच्या एल-फाशरच्या वेढ्यात तर लोकांनी शेंगदाण्याची पेंड खाल्ली. आपण म्हशीपुढे टाकतो तीच. ओलसर राहिली की तिच्यात बुरशीचं विष धरतं.

'आपल्या नांदेडातल्या किनवटची लेकरं दिसत नाहीत का तुम्हाला?' हेही ऐकवतात. दिसतात. दंड मोजायची पट्टी तीच आहे. आपल्याकडेही उचल घेतलेली असते, ऊसतोडीची टोळी निघते, आणि आई उपचार अर्धवट सोडून लेकरू काखेला मारून जाते. याला वेढा म्हणावं का, यावर माझं माझ्याशीच भांडण आहे. म्हणू नये, असं वाटतं. तिला निदान कारखान्याच्या गावात दवाखाना गाठता येतो. पण मग ती गाठत का नाही, याचं उत्तर माझ्याकडे धड नाही.

पूर्वी मी एकच वाक्य सांगून मोकळं व्हायचो : वेढा उठवा. ते आजही मागे घेत नाही. पण दंडघेर १२.५ च्या वर यायला वेढा उठल्यावरही सहा ते आठ आठवडे लागतात, दर आठवड्याला पुड्या आणि वजनकाटा लागतो, आणि तेवढे दिवस सीमेवरचे नाके उघडे राहावे लागतात. खुंटलेली उंची तर तेवढ्यात भरूनही येत नाही.