आमची वाटचाल : दगडात जीव येईपर्यंत

बाबांनी 1988 साली डोंबिवली पूर्वेला रंगीत माशांचं दुकान टाकलं. गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश. आठवड्यातून दोनदा पहाटेची लोकल पकडून कुर्ल्याच्या बाजारात जायचे आणि फुगवलेल्या पिशव्या सांभाळत परत यायचे. खाऱ्या पाण्याचा विषय मात्र त्यांनी कधी दुकानात येऊ दिला नाही. मरीन लाइन्सचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं, ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं. "ते सरकारला परवडतं, आपल्याला नाही," एवढंच म्हणायचे.

2011 साली मी आणि दादाने हट्टाने काउंटरमागे खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी लावली. एका व्यापाऱ्याकडून 20 किलो लाइव्ह रॉक, म्हणजे जीवांनी भरलेला समुद्री दगड, मागवला. थर्माकोलच्या पेटीत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आला. वरवर धुतला, रचला, वर दिवा सोडला. रात्री टॉर्च मारला तर एका भोकातून केसाएवढे पाय हलताना दिसले. आम्ही दोघं अर्धा तास काचेला नाक लावून उभे होतो.

तिसऱ्या दिवशी दुकानात सुकटीचा डबा उघडा राहिल्यासारखा वास सुटला. तरी पाचव्या दिवशी दोन क्लाउन आणि एक डॅमसेल असे तीन समुद्री मासे सोडले, कारण येणारा प्रत्येक जण "मासे कुठायत?" विचारत होता. रविवारी सकाळी शटर उघडलं तेव्हा तिन्ही तळाला. बाबा रागावले नाहीत. बाही सरसावून त्यांनी मासे काढले, ओला हात नाकाशी नेला आणि म्हणाले, "मासा नाही सडला, पाणी सडलंय. आधी पाणी होऊ दे." आमचा धंदा त्या वाक्यापासून सुरू झाला असं मी मानते.

झालं होतं काय? लाइव्ह रॉक म्हणजे दगड स्वतः जिवंत नसतो. तो मेलेल्या प्रवाळाचा चुनखडी सांगाडा. जीव असतो त्याच्या छिद्राछिद्रांत. स्पंज, किडे, आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. प्रवासात यातलं बरंच मरतं, मेलेलं सडतं आणि पाण्यात अमोनिया चढतो. जिवाणूंची एक फळी अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. थोडक्यात, दगड हाच फिल्टर. जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी 1961 सालीच हे लिहून ठेवलं होतं: दगड, हवेचे बुडबुडे आणि उजेड. आमच्यापर्यंत ते पोचायला 50 वर्षं लागली.

दुसरा धक्का वर्षभराने बसला. एका ग्राहकाने, जे वनखात्यातून निवृत्त झाले होते, शांतपणे विचारलं, "हा दगड आला कुठून?" आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आपल्याकडचं दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आपल्या मालवणच्या समुद्रातही ते आहे. घरी शोभेची टाकी लागावी म्हणून कुणीतरी ते पहारीने फोडतंय, ही कल्पना मला सहन झाली नाही. तो दगड आम्ही विकला नाही आणि पुन्हा कधी मागवला नाही.

मग दगड आम्हीच करायचा ठरवला. पांढरं सिमेंट, कालवाच्या शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ. शिंपल्या बाजारातल्या कोळीण मावशी ठेवून द्यायच्या. आई त्या उकळून, उन्हात वाळवून द्यायची आणि दादा खलबत्त्यात कुटायचा. ओल्या वाळूत बोटांनी खळगे करून त्यात हा गोळा थापायचा. घट्ट झाला की पाण्यात बुडवायचा. मीठ विरघळतं आणि दगडभर भोकं राहतात. पण सिमेंटचा चुना पाण्यात उतरत राहतो, पीएच 11 च्या वर जातो. पहिल्या पंधरवड्यात रोज पाणी बदलायचं, नंतर दोन-तीन दिवसांनी. पीएच 8.3 च्या आसपास टिकायला दीड-दोन महिने लागतात. आमच्या पहिल्या दोन खेपा ठिसूळ निघाल्या, तिसरी जमली.

तयार दगड मग खाऱ्या पाण्याच्या पिंपात जातो, आमच्याच जुन्या टाकीतल्या मुरलेल्या दगडांसोबत. पंप चालू, अंधार, आणि जिवाणूंना खाद्य म्हणून मोजून अमोनिया. तीन महिने. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, तरच तो दगड विक्रीला निघतो.

पहिल्यांदा टाकी लावणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी मासा देत नाही. यावरून गिऱ्हाइकं परत गेली आहेत, तरी नियम मोडलेला नाही. 100 लिटरला साधारण 12 किलो दगड, आरओच्या पाण्यात साडेतीन किलो सागरी मीठ, घनता 1.025, तापमान 26 च्या आसपास. मग थांबायचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर येतो आणि हमखास फोन येतो, "ताई, टाकी खराब झाली." नाही हो, ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. येतात आणि जातात. घाटकोपरच्या एका काकूंनी आटलेल्या पाण्याच्या जागी दर वेळी खारं पाणीच ओतलं. मीठ आटत नाही, पाणी आटतं. घनता 1.035 झाली होती. आता प्रत्येक टाकीवर आम्ही स्वतः चिठ्ठी लावतो : आटलं तर गोडं पाणी.

पहिला मासा जातो तो प्रजनन केंद्रात वाढलेला क्लाउन. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास करून दाखवली, म्हणून समुद्रातून पकडलेला मासा आम्हाला ठेवावा लागत नाही.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा दादा महिनाभर दुकानातच झोपला. मीठ संपत आलेलं, वीज गेली की बॅटरीवरचे हवेचे पंप लावायचे. त्या काळात एकाही मोठ्या टाकीचं पाणी बिघडलं नाही. दगडांनी पाणी धरून ठेवलं.

आज आम्ही पाच जण आहोत, अंबरनाथला शेड आहे, सोळा पिंपं आहेत. बाबा आता 74 वर्षांचे आहेत. दर शनिवारी येतात, झाकणं उघडून प्रत्येक पिंपाचा वास घेतात. मागच्या महिन्यात सात नंबरच्या पिंपातल्या एका दगडावर नखाएवढा जांभळा ठिपका दिसला, कोरलाइन शेवाळाचा, म्हणजे दगडावर चढणाऱ्या चुनखडी शेवाळाचा. तो दगड त्यांनी बाजूला ठेवायला सांगितलाय. बाकीची खेप गणपतीनंतर बाहेर निघेल.