परत न फेकलेली मासळी

मी नववीत असताना मामाच्या ट्रॉलरवर, म्हणजे तळाशी जाळं ओढत नेणाऱ्या बोटीवर, पहिल्यांदा गेलो. पहाटे तीनला रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर सोडलं. अडीच-तीन तासांची ओढ झाल्यावर विंच फिरली, जाळ्याची खोळ, म्हणजे मासळी साठते ती टोकाची पिशवी, वर आली, तिची गाठ सोडली आणि डेकवर गुडघाभर ढीग पडला. मला वाटलं, आज मामाची चांदी! खलाशी मात्र उकिडवे बसून त्यातून कोळंबी, माकुल आणि मोठे लेपे तेवढे वेचत होते. बाकीचं सगळं फावड्याने समुद्रात. मागे कुरवांचा थवा तुटून पडला होता.

मी बोटाएवढा एक धोमा उचलून पाण्यात सोडला. तो उताणाच तरंगत राहिला. तळातून झटक्यात वर आणला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. तिने त्याचं तर जठर तोंडातून बाहेर ढकललं होतं. मग मी दुसरा सोडला नाही.

कोळंबी राहते तळाला, आणि तळाला तिच्यासोबत सगळेच राहतात: खेकडे, राणी मासे, मुशीची पिल्लं, समुद्रसाप. जाळं तळ घासत जातं, निवड नंतर डेकवर होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१९ चा अहवाल सांगतो, जगभरात वर्षाला सुमारे ९१ लाख टन मासळी अशी फेकली जाते, आणि त्यातली ४६ टक्के तळाच्या ट्रॉलमधली.

गेल्या दिवाळीत, बावीस वर्षांनी, पुन्हा मामाबरोबर गेलो. फावडं कोपऱ्यात तसंच पडून होतं. वेचून उरलेलं सगळं क्रेटमध्ये भरलं जात होतं. "आता फेकत नाय काय," मामा म्हणाला, "कुटीला जाता." म्हणजे वाळवून, दळून कोंबड्यांच्या नाहीतर तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात.

कागदावर हे चांगलंच दिसेल, काही वाया जात नाही. पण धोमा तेव्हाही मेला होता, आताही मेलाच. फरक एवढाच, पूर्वी बारीक मासळी ही कटकट होती. जिथे तीच जास्त लागायची तिथून मामा बोट काढायचा. आता तिच्यावर डिझेलचा थोडा खर्च निघतो, मग काढेल कशाला? मला भीती वाटते ती याची.

राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरच्या खालचं धरायचं नाही. त्या दिवशी कुटीच्या क्रेटमध्ये एक पापलेट सापडलं, माझ्या तळहातावर अख्खं मावलं. पट्टी नव्हती, लागलीही नसती. पण बंदरावर मोजून त्याला काय उपयोग? ते सुटायला हवं होतं खाली, पाण्यातच.

त्यासाठी खोळीला चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, लागतो. नेहमीचा शंकरपाळीसारखा आस ओढ बसली की मिटतो आणि पिल्लं आतच चेंगरतात. चौकोनी उघडा राहतो. होळीनंतर मामाने ४० मिलिमीटर चौकोनी आसाची खोळ लावली. मी त्याच्या फार मागे लागलो होतो, खरं सांगायचं तर. कोळंबीत थोडीच तूट आली, कुटीचे क्रेट मात्र अकरावरून चारावर आले.

व्यापाऱ्याने विचारलं, "आज एवढाच?" मामा काही बोलला नाही. घरी येऊन मामीला म्हणाला, सात क्रेटचे पैसे गेले. शेजारच्या बोटींनी जुनीच जाळी लावली होती. आज ना उद्या ही नवी खोळ तो उतरवून ठेवेल, असं मला वाटतंय, आणि ठेवली तर त्याला बोलायला माझी जीभ उचलणार नाही.