खिओस: मस्तकीच्या राळेवर उभी राहिलेली गावं

ग्रीसच्या खिओस बेटाच्या दक्षिण भागात चोवीस गावं आहेत आणि ती शतकानुशतकं एका बुटक्या, वाकड्यातिकड्या झाडाच्या राळेवर जगत आली आहेत. तिकडे तिला मास्तिखा म्हणतात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी मिळते, ती हीच. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रीच्या बोटीने इथे आलो ते मुख्यतः हिच्यासाठी. निळे घुमट आणि पांढऱ्याशुभ्र भिंतींसमोर फोटो काढायचे असतील तर या बेटाच्या वाटेला जाऊ नका. इथे समोर तुर्कस्तानचा किनारा दिसतो आणि गावं दगडी, करडी आहेत.

सप्टेंबर होता, राळ गोळा करायचा हंगाम. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात आणि तिच्यावर चुनखडीची पांढरी पूड पसरतात. मग टोकदार हत्याराने सालीला बारीक चिरा पाडतात. चिरांतून राळ पाझरते, पुडीवर थेंबाथेंबाने पडते आणि दोन-तीन आठवड्यांत कडक होते. एवढा खटाटोप करून एका झाडामागे वर्षाला सरासरी दोनशे ग्रॅमही हाती लागत नाही! पुढे घरोघरी बायका तांदूळ निवडायला बसाव्यात तशा टेबलाभोवती बसून एकेक खडा स्वच्छ करतात. या सगळ्या कौशल्याला 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. एक खडा मी चघळून पाहिला. आधी दाताखाली काचेसारखा फुटला, कडवट लागला, मग मऊ झाला आणि तोंडभर पाइनचा वास पसरला.

ही राळ सोन्याच्या मोलाची, म्हणून तिची राखणही तशीच. 1346 ते 1566 या काळात बेट इटलीतल्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होतं. समुद्री चाच्यांच्या भीतीने त्यांनी ही गावं किल्ल्यासारखी बांधून घेतली. मेस्ता गावात शिरल्यावर ते लगेच कळतं. कडेची घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की त्यांच्या पाठभिंतींचाच तट झालाय. आतल्या बोळांवर कमानी आणि घरं, काही ठिकाणी भर दुपारी अंधार. गच्च्या जवळजवळ एका पातळीत, म्हणजे पळायची वेळ आलीच तर वरूनच मध्यावरच्या बुरुजाकडे जाता यावं. तो बुरूज आता नाही. त्या जागी मोठं चर्च आहे.

पिर्गी हे गाव अगदी उलटं, मिरवणारं. इथल्या भिंतींवर काळसर वाळूचा गिलावा, वर चुन्याचा हात, आणि तो ओला असतानाच काट्याने खरवडून काढलेले त्रिकोण, चौकोन, वर्तुळं. गावातलं जवळपास प्रत्येक घर असं नक्षीदार, त्यात सज्ज्यांवर वाळत टांगलेले लालभडक टोमॅटो. पर्यटक इथे तासभर थांबतात आणि निघून जातात. गावाजवळचं मास्तिखा संग्रहालय मात्र चुकवू नये.

मध्य खिओसच्या डोंगरातल्या नेआ मोनी मठात जाताना मनाची तयारी ठेवावी. अकराव्या शतकातला हा मठ सोनेरी मोझेइकसाठी प्रसिद्ध आहे आणि 1990 पासून जागतिक वारसा आहे. पण दाराजवळच्या छोट्या प्रार्थनागृहात काचेच्या कपाटात कवट्या मांडल्या आहेत, 1822 च्या कत्तलीत मारल्या गेलेल्यांच्या. ग्रीक उठावाचा सूड म्हणून ऑटोमन फौजेने तेव्हा बेटावर हजारो माणसं मारली आणि हजारोंना गुलाम करून नेलं. फ्रेंच चित्रकार दलाक्रवाने 1824 मध्ये त्यावर काढलेलं प्रचंड चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. मस्तकीची गावं मात्र सुरुवातीला वाचली, कारण राळ सुलतानाच्या महालात जायची. कोण जगणार आणि कोण नाही हेही झाडाने ठरवलं, हा विचार मठातून बाहेर पडल्यावरही सुटत नाही.

कधी जावं? चिरा पाडताना बघायचं असेल तर जुलै-ऑगस्ट, पण ऊन भाजून काढतं. व्रोंदादोस गावातली दोन चर्चच्या मंडळींची ईस्टरच्या रात्रीची, एकमेकांवर फटाक्यांची रॉकेटं सोडण्याची रॉकेटबाजी बघायची असेल तर वसंतात. बेट मोठं आहे आणि गावांकडे जाणाऱ्या बस मोजक्या, तेव्हा गाडी भाड्याने घ्याच. मुक्काम मेस्तात करा, तिथल्या जुन्या दगडी घरांत खोल्या मिळतात. चौकातल्या कॅफेत 'पाणबुडी' मागा. थंड पाण्याच्या ग्लासात मस्तकीचा घट्ट पांढरा पाक चमच्यासकट बुडवून देतात. चमचा चाटायचा आणि वर पाणी प्यायचं. भयंकर गोड असते, दोघांत एक पुरे.