लेकीच्या ठशांची वही

बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून मी लेकीचा हिशेबनीस आहे. बिनपगारी.

ती छापचित्रकार. कोल्हापूरची पोर, बडोद्याला फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग शिकली आणि तिथेच राहिली, कारण प्रेस तिथे आहेत. एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर छापायचा प्रेस म्हणजे अवजड लोखंडी धूड, भाड्याच्या खोलीत मावत नाही. म्हणून चारजण मिळून वापरतात तशा स्टुडिओत ती काम करते. आमचं ठरलंय: स्टुडिओची फी माझी, घरभाडं तिचं. शनिवार-रविवार ती मुलांना ड्रॉइंग शिकवते, त्यातून भागवते. घरभाडं मी दिलं असतं तर रात्री किती वाजता झोपलीस हेही विचारत बसलो असतो.

एकदा जाऊन काम बघितलं. जस्ताच्या पत्र्यावर काळसर लेप, त्यावर सुईने रेघा, मग पत्रा आम्लात. उघडी पडलेली रेघ आम्ल खातं. मग त्या खाचेत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसचं चाक फिरवायचं. अर्धा दिवस नुसता पुसण्यात गेला. कागदावर उमटतो तो ठसा. त्याखाली डावीकडे पेन्सिलीने ३/१५, म्हणजे पंधरातला तिसरा, आणि उजवीकडे सही. पंधरा झाले की पत्र्यावरच ओरखडा मारून तो बाद करायचा, रद्द केलेल्या चेकसारखा. हा व्यवहार मला फार पटला.

तेव्हापासून माझी वही चालू आहे. कुठला ठसा, कितवा, कुणाकडे, कधी दिला, पैसे आले का. गॅलऱ्या विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी निम्मा कापून घेतात. त्याबद्दल तक्रार नाही, जागा त्यांची, गिऱ्हाईक त्यांचं. पण एका गॅलरीने दोन ठसे विकून पैसेच पाठवले नव्हते. ‘बाबा, नका मागू, संबंध बिघडतील.’ म्हटलं, अगं, बिल मागितल्यावर बिघडणारे संबंध ठेवायचेत कशाला? दर एक तारखेला नम्र ईमेल पाठवत राहिलो. आले पैसे. वसुली खात्यातली वर्षं वाया गेली नाहीत.

चित्राबद्दल मात्र मी बोलत नाही. रंकाळा तलावातल्या जलपर्णीची तिची जुनी मालिका मला आवडते, हल्लीचं बरंचसं कळत नाही. ते वहीत लिहायचा रकाना नाही.

आमच्या गावाला कलापूर म्हणतात. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर या इथल्या चित्रकारांची नावं निघाली की चौकातला माणूसही छाती फुगवतो. तोच माणूस लेकीचं स्थळ काढताना विचारतो, ‘ते चित्रांचं ठीक, पण नोकरी काय करते?’

नातेवाइकांचा वेगळाच प्रकार. माझ्या बहिणीने नवा फ्लॅट घेतला. फोन आला, ‘हॉलला एक चित्र दे म्हणावं आत्याला. तिच्याकडे पंधरा आहेत ना, सगळी सारखीच!’ मी रीतसर बिल पाठवलं: ठसा ७/१५, साडेचार हजार, फ्रेमचे वेगळे. बहिणीने त्याच दिवशी पैसे भरले. वर म्हणाली, भाऊबीजेला वळते करून घेईन.