सांगून टाक की!

रात्री पाऊण वाजता मी टीव्हीतल्या मुलीवर खेकसलो, "अगं, सांगून टाक की एकदाचं!" तो गाडीच्या दारात, ती फलाटावर. शिट्टी झाली, तिचे ओठ हलले आणि ती म्हणाली, "नीट जा." संपलं! सिनेमा तिसऱ्यांदा बघत होतो. ती सांगणार नाही हे पाठ होतं. तरी घशाशी आवंढा आला तो आलाच.

नाट्यशास्त्रात रसांची यादी शृंगारापासून सुरू होते आणि त्याचे प्रकार दोन, संभोग आणि विप्रलंभ. म्हणजे भेट आणि ताटातूट. भेटीचं फार तर एखादं गाणं होतं, बाकीचे अडीच तास ताटातुटीच्याच जिवावर. कालिदासाच्या यक्षाची शिक्षा वर्षभराची, त्यातले उरलेले महिने चार. दुसरा कुणी गप्प बसला असता, याने ढगाला कामाला लावलं. शाकुंतलात तर राजाची आठवण थेट माशाच्या पोटात जाऊन बसते. (मालिकांतला स्मृतिभ्रंश मला सहन होत नाही, पण कालिदासाला माफ आहे.) तिकडे रोमिओची चिठ्ठी नेणारा साधूच साथीच्या संशयावरून घरात कोंडला जातो. गंमत म्हणजे दोघं मरणार हे शेक्सपिअर प्रास्ताविकातच सांगून टाकतो. तरी चारशे वर्षं माणसं खुर्चीच्या कडेवर बसून आहेत, आज तरी चिठ्ठी पोचेल म्हणून.

मोबाइल आला तेव्हा वाटलं, आता या धंद्याला कुलूप लागणार. एका फोनवर मिटेल तो गैरसमज कसला? सुरुवातीला लेखकांनी बिचाऱ्यांच्या बॅटऱ्या संपवल्या, रेंज घालवली. मग त्यांच्या लक्षात आलं, एवढा आटापिटा कशाला? फोन हातात, चार्जिंग भरपूर. नावाखाली 'टायपिंग' दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं. आपण श्वास रोखून बसतो. आणि येतं काय, तर "जेवलास?"

असे किती मेसेज मी स्वतः खोडलेत, ते इथे सांगत नाही.

"असलं रडकं काय बघतोस," म्हणत बायको पाणी प्यायला उठली होती. दहा मिनिटं झाली, ग्लास हातात तसाच भरलेला, ती दारातच उभी.

"झोप तू," मी म्हटलं.

"सरक जरा," ती म्हणाली. "परत येतो ना तो?"